ज्योतिर्विद् शंकर बाळकृष्ण दीक्षित

गेल्या कार्तिक महिन्यात एके संध्याकाळी इयत्ता नववीतील काही विद्यार्थ्यांस आम्ही शाळेच्या गच्चीवर नेले होते. भूगोलाच्या तासास नक्षत्रांचा विषय निघाला होता, आणि ईयोबाच्या ग्रंथात कृत्तिकांचे नाव येते हे काही मुलांनी आपण होऊन सांगितले होते. तेव्हा त्या कृत्तिका एकदा प्रत्यक्षच दाखवाव्यात असा आमचा मानस होता. रात्रीचे आठ वाजले होते. गणिताप्रमाणे कृत्तिकांचा पुंजका त्या वेळी पूर्व-ईशान्येच्या बाजूस, क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा वर असावयास हवा होता. आणि तो तेथे होताही. परंतु खाली मनवेलपाड्याच्या रस्त्यावरील दिवे, सभोवारच्या इमारतींच्या जिन्यांतील दिवे, एका मैदानावरील झगझगीत झोतदिवे, आणि दक्षिणेस मुंबईच्या बाजूला ढगांच्या पोटाशी पसरलेली ती फिकट प्रभा! एका मुलीस एक तारा दिसला, दुसरीस धूसर डाग दिसल्यासारखे वाटले, आणि बाकीच्यांस काहीच दिसले नाही. एका लहानग्याने, जो थोरल्या भावाबरोबर आला होता, तारे मावळले काय असे आम्हांस विचारले. मावळले नाहीत, दिव्यांत बुडाले आहेत, एवढेच उत्तर आम्ही त्या वेळी दिले.

घरी परतल्यावर आम्हांस कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची आठवण झाली. ह्याच कृत्तिकांच्या उगवण्याच्या दिशेवरून त्यांनी एका प्राचीन ग्रंथाचा काळ ठरविण्याचा यत्न केला होता, आणि तेही आमच्यासारखेच शाळामास्तर होते. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात क्वचितच येते; म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

दीक्षितांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूड ह्या समुद्रकाठच्या गावी १८५३ सालच्या जुलै महिन्यात झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे गावही हेच. कर्वे त्यांच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान. एवढ्याशा खेड्याने महाराष्ट्रास अशी दोन माणसे द्यावी ही मुरूडकरांस अभिमानाची गोष्ट आहे. घरची स्थिती बेताची असल्याने दीक्षितांस कॉलेजचे उच्च शिक्षण लाभले नाही. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले, तेथील अभ्यासक्रम पुरा केला, आणि १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा उतरले. पदवी म्हणून त्यांजपाशी जे काही होते ते एवढेच. पुढे युरोपातील पंडित ज्यांच्या गणितावर विसंबून शिलालेखांच्या तिथी ठरवू लागले, त्यांची पदवी मॅट्रिकची होती, ही गोष्ट गुणपत्रिका हाती येताच डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी, आणि त्यांहून अधिक त्यांच्या पालकांनी, ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य शिक्षणखात्यात गेले. प्रथम रेवदंडा, मग ठाणे, मग बार्शी, मग धुळे, आणि अखेरीस पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या बदल्यांचा क्रम होता. बदलीचे बिऱ्हाड म्हणजे काय असते हे ज्याने अनुभवले असेल त्यासच कळेल की, पोथ्या, पंचांगे व टिपणे ह्यांचे गाठोडे एका गावाहून दुसऱ्या गावी सुरक्षित नेणे हेही एक कामच असते. परंतु आम्हांस असेही वाटते की ह्या भटकंतीत त्यांचा एक लाभ झाला. ज्या ज्या गावी ते राहिले त्या त्या गावी त्या काळी रात्र ही खरोखरीच रात्र होती. घरात समई किंवा घासलेटचा दिवा, देवळात नंदादीप, आणि अंगणात पाऊल टाकले की माथ्यावर सारे आकाश. दीक्षित ठाण्यास असतानाच, १८८२ साली, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले असे सांगतात; पण ते नवल पाहावयास लोक मुद्दाम जात असत. विरारहून मुंबईस आगगाडी १८६७ पासून जात होती खरी, परंतु आमच्या ह्या भागात तेव्हा भाताची शेते व ताडामाडांच्या रांगा ह्यांखेरीज विशेष काही नव्हते. आमच्या वसई-विरारच्या आजोबापणजोबांनी जे आकाश पाहिले तेच ठाण्यास दीक्षितांनी पाहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

ठाण्याच्या वास्तव्यात त्यांच्या आयुष्यास वळण लागले. तेथे जनार्दन बाळाजी मोडक ह्या विद्वान गृहस्थांचा व त्यांजकडून विसाजी रघुनाथ लेले ह्यांच्या मतांचा त्यांस परिचय झाला, आणि ज्योतिषाचा जो नाद लागला तो जन्मभर सुटला नाही. येथे ज्योतिष शब्दाचा अर्थ पत्रिका पाहून भविष्य सांगणे असा कोणी घेऊ नये. आकाशातील ज्योतींच्या गतींचे गणित, ह्या अर्थाने तो शब्द घ्यावयाचा आहे.

त्या वेळी ह्या तिघांच्या मनात एक प्रश्न घोळत होता, आणि तो आमच्या ख्रिस्ती वाचकांस समजावयास मुळीच कठीण नाही. ऋतू सूर्याच्या गतीवर अवलंबून असतात. पण पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या आसाप्रमाणे अतिशय सावकाश डुलत असल्यामुळे ऋतूंचे वर्ष व ताऱ्यांचे वर्ष ह्यांत किंचित अंतर पडते. सुमारे ७२ वर्षांत एक अंश, आणि पुरी प्रदक्षिणा सुमारे २६,००० वर्षांत, अशी ही चाल आहे. ह्यास अयनचलन म्हणतात. ताऱ्यांस धरून चालणाऱ्या पंचांगात त्यामुळे सण हळूहळू ऋतूंपासून सरकतात. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरास, आणि मकरसंक्रांत दीक्षितांच्या काळी येत असे जानेवारीच्या १२-१३ तारखेस. म्हणजे तीन आठवड्यांचे अंतर पडलेले. पाश्चात्य पंचांगातही, जरी कारण निराळे होते, अशीच चूक साचली होती. वर्षाचे मान थोडे अधिक धरल्याने वसंतसंपात २१ मार्चावरून ११ मार्चावर आला, आणि ईस्टरचा दिवस चुकू लागला. तेव्हा १५८२ साली तेरावे पोप ग्रेगरी ह्यांनी दहा दिवस गाळून सुधारणा केली. पोर्तुगालने ती तत्काळ मान्य केली, आणि वसई त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. लेले, मोडक व दीक्षित ह्यांनी हिंदू पंचांगासंबंधी अशाच सुधारणेचा आग्रह धरिला, आणि शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ सालापासून, सायन पंचांग काढावयास आरंभ केला.

त्यांच्यामागे पोप नव्हता, सरकार नव्हते, आणि फारसे गिऱ्हाईकही नव्हते. आपल्या आजाने पाळलेली संक्रांत सोडावयास कोण तयार होणार? दीक्षितांचा आग्रह व्यवहारात थोडा हट्टाचाच होता, असे आम्हांस वाटते. धर्मकृत्यांच्या तिथी केवळ गणिताने बदलत नाहीत. तथापि काळाचा न्याय विचित्र असतो. स्वतंत्र भारताने डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेची समिती नेमिली, आणि २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले त्याचे वर्ष सायनच, म्हणजे ऋतूंस धरून चालणारे आहे.

बार्शीच्या वास्तव्यापासून दीक्षितांनी जे मोठे काम अंगावर घेतले ते म्हणजे भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. वेदांतील आकाशविषयक उल्लेख, वेदांग ज्योतिष, सूर्यसिद्धान्तादी ग्रंथ, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, आणि त्यानंतरचे शेकडो लहानमोठे ग्रंथकार ह्यांचा शोध घेऊन त्यांनी तो लिहिला. दक्षिणा प्राइझ कमिटीने त्यास पारितोषिक दिले, आणि १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात तो ग्रंथ छापून निघाला. त्याच साली लंडनात रॉबर्ट स्यूएल ह्यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला हिंदी पंचांगपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला. जुन्या लेखातील तिथी दिली असता इंग्रजी तारीख कशी काढावी ह्याची कोष्टके त्यात आहेत. त्यापूर्वी, १८८८ साली, डॉ. फ्लीट ह्यांनी गुप्त राजांचे शिलालेख प्रसिद्ध केले तेव्हा गुप्तांचा शक इसवी सन ३१९-२० च्या सुमारास सुरू झाला हे ठरविण्याच्या कामी दीक्षितांच्या गणिताचे मोठे साहाय्य झाले होते. दिवसा वर्गात बेरीज-वजाबाकी, आणि रात्री दिव्यापाशी दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाची तिथी! त्यांच्या विद्यार्थ्यांस हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

आता कृत्तिकांकडे वळू. शतपथ ब्राह्मण ह्या प्राचीन ग्रंथात अग्निस्थापनेच्या संदर्भात अशा अर्थाचे सांगितले आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. हे वाक्य शेकडो पंडितांनी पाठ म्हटले होते. दीक्षितांनी ते वाचून आकाशाकडे पाहिले. आज कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत नाहीत. आमच्या येथून पाहिले असता त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे पंचवीस अंशांवर उगवतात. हात लांब करून पसरलेल्या वितीने मोजल्यास सव्वा वीत म्हणावयास हरकत नाही. मग हे सांगणारा मनुष्य खोटे बोलला, की त्याने जे पाहिले तेच लिहिले? त्याने पाहिले तेच लिहिले असे धरून दीक्षितांनी अयनचलनाचा हिशेब उलट मांडला, आणि कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत असा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे येतो असे दाखविले. १८९५ साली त्यांनी ह्यावर इंग्रजीत लेख लिहिला. सर्व विद्वानांस तो निर्णय मान्य झाला नाही. मूळ वाक्याचा अर्थ निराळा करणारे पंडित निघाले. त्या वाक्यातील आठवण जुनी असेल, ग्रंथ मागाहूनचा असेल, असाही पक्ष आहे. आणि शतपथाचा काळ आज बहुतेक अभ्यासक पुष्कळच अलीकडे आणतात. परंतु रीती पाहावी. पुरावा म्हणून जी वस्तू त्यांनी पुढे केली ती कोणत्याही राजाच्या भांडारात नव्हती. कोणाही शेतकऱ्याने, कोणाही मेंढपाळाने पहाटे किंवा संध्याकाळी दाराशी उभे राहून पडताळावी अशी ती होती.

दीक्षितांस हे ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी केवळ पंडितांकरिता लिहिले नाही. धुळ्यास असताना, १८९२ च्या सुमारास, त्यांनी ज्योतिर्विलास नावाचे पुस्तक काढले. रात्रीची दोन घटका मौज असे त्याचे दुसरे नाव आहे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. संस्कृत येत नाही, इंग्रजी येत नाही, दुर्बीण नाही, अशा साध्या मराठी वाचकाने रात्री जेवणखाण आटोपल्यावर दोन घटका आकाशाशी ओळख करून घ्यावी, हा त्याचा हेतू. आम्हांस विचाराल तर, मोठ्या इतिहासग्रंथाहून हे लहान पुस्तक लिहावयास अधिक प्रेम लागले असावे. आजही शास्त्रज्ञ सांगतात की डोळ्यांस काळोखाची पुरी सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे दोन घटकांतील पहिली घटका नुसते थांबण्यात जाते, आणि खरी मौज दुसरीत असते. मुलांचे थांबणे हेच तर आमच्यापुढील मोठे संकट आहे!

परंतु थांबूनही दिसत नाही, अशी आज शहरांची स्थिती झाली आहे. निर्मळ काळोख्या रात्री एका वेळी अडीच हजारांच्या आसपास तारे नुसत्या डोळ्यांस दिसू शकतात. मोठ्या शहराच्या उजळ आकाशात जेथे तिसऱ्या प्रतीपर्यंतचेच तारे उरतात, तेथे ती संख्या शंभरांच्या आत येते. आणि कृत्तिकांतील सर्वांत तेजस्वी तारा जेमतेम त्या तिसऱ्या प्रतीचा, बाकीचे त्याहून मंद. आमच्या मुलीस एकच तारा का दिसला ह्याचा उलगडा ह्यात आहे. दिव्याचा दोष तो पेटविण्यात नाही. जो प्रकाश रस्त्यावर पडावा तो आडवा व वर जातो, हवेतील धूळ व बाष्प ह्यांवर आपटून विखुरतो, आणि सारे आकाश दुधाळ करून टाकतो. समुद्रकाठच्या दमट हवेत हे अधिक होते, आणि हल्लीच्या निळसर पांढऱ्या दिव्यांचा प्रकाश पिवळ्या प्रकाशाहून अधिक विखुरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जगाच्या एका नकाशावरून असे दिसून आले की पृथ्वीवरील तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांस आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास तर म्हणतो की, लोकांनी डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवरून पाहता, २०११ ते २०२२ ह्या काळात आकाशाची ही उजळणी दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. ह्या गतीने सात-आठ वर्षांत ती दुप्पट होते, हे गणित नववीच्या मुलांनी करून पाहावे.

मुंबईच्या विजेने निरीक्षणास हुसकावून लावण्याचा एक प्रकार दीक्षितांच्या पश्चात लवकरच घडला. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडणार, म्हणून त्या वेळचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस ह्यांनी ते काम १९०४ साली अलिबागेस हलविले. दीक्षितांचे पहिले शाळेचे गाव रेवदंडा तेथून थोड्याच अंतरावर आहे. ट्रामगाड्या १९०७ साली सुरू झाल्या आणि १९६४ साली बंदही झाल्या. अलिबागची वेधशाळा मात्र अद्यापि चालू आहे.

दीक्षित १८९४ साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात परत आले. ज्या संस्थेत विद्यार्थी म्हणून बसले त्याच संस्थेत शिकवू लागले. त्याच पुण्यात सायन्स कॉलेजात प्रोफेसर कावसजी नायगमवाला ह्यांची वेधशाळा होती, आणि तिच्यातील वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण हिंदुस्थानात त्या काळी सर्वांत मोठी होती. १८९८ सालच्या २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण झाले तेव्हा नायगमवालांनी जेऊर येथे तळ ठोकून वेध घेतले. दीक्षितांच्या हयातीतील तो शेवटचा मोठा आकाशयोग ठरला. त्यानंतर तीन महिन्यांतच, २० एप्रिल १८९८ रोजी, त्यांचे पुण्यास देहावसान झाले. वय अवघे ४४ वर्षांचे. आमच्याच वयाचा हा मनुष्य होता, हे लिहिताना लेखणी थोडी थांबते.

त्यांचा मोठा ग्रंथ पुढे हिंदीत व इंग्रजीतही गेला, आणि भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहावयास बसणारास तो आजही टाळता येत नाही. दीक्षित निष्ठावंत हिंदू होते. आमची उपासना निराळी. तरी दाविदाने मेंढरे राखताना ज्या आकाशाकडे पाहून परमेश्वराची स्तोत्रे रचिली, आणि ज्या आकाशातील ताऱ्याने पूर्वेकडील मागी लोकांस बेथलेहेमास नेले, तेच आकाश मराठी मुलांस त्यांनी दाखविले, म्हणून आम्ही त्यांचे ऋणी आहो.

मनवेलपाड्याची हकिकत अपुरी ठेवणे बरे नव्हे. शाळेच्या आवारातील दोन दिव्यांवर आम्ही पत्र्याचे टोप बसवून घेतले आणि त्यांची तोंडे सरळ जमिनीकडे करविली. आवारात काळोख होईल अशी शिपायाची तक्रार होती. आता उलट वाटेवर उजेड अधिक पडतो असे तोच सांगतो. मैदानावरील झोतदिव्यांसंबंधी आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. ज्या पालकांस सवड असेल त्यांनी मुलांस कर्जतच्या वाटेवरील वांगणीस न्यावे. तेथे खगोल मंडळाचे रात्रभर चालणारे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत असतात. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्प तर २०२४ साली हिंदुस्थानातील पहिले काळोख्या आकाशाचे राखीव उद्यान म्हणून मान्य झाला. पण तो दूर पडला.

आम्ही जवळचाच उपाय केला. मार्गशीर्षातील अमावास्येच्या सुमारास सात-आठ मुलामुलींस, पालकांसमवेत, महामार्गापलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेलो. डोंगराच्या आडोशाने शहराची प्रभा पाठीमागे राहिली. भ्रमणध्वनी सर्वांनी खिशात ठेवावेत अशी अट होती, आणि ती पालकांनीच प्रथम मोडली. अर्धा तास गेला. मग कृत्तिका दिसू लागल्या. त्यांचा आज पोहोचणारा प्रकाश तेथून निघून सुमारे ४४० वर्षे झाली, म्हणजे तो निघाला तेव्हा वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचे निशाण होते आणि पोप ग्रेगरींचे पंचांग नवे कोरे होते, असे आम्ही सांगत होतो. परंतु आमच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. जो तो मोजण्यात गुंतला होता. चौघांनी पाच मोजले, दोघांनी सहा. आणि गच्चीवर जिला एकच तारा दिसला होता त्या मुलीने सात मोजले, आणि बाकीच्यांस ते खरे वाटेना, म्हणून तिने सातांच्या जागा चिखलात काडीने काढून दाखविल्या.